पुठ्ठेवाले वस्ताद

गिऱ्हाईक चाकं घेऊन दारात उभं राहिलं की वस्तादांच्या तोंडून पहिला शब्द यायचा तो "न्हाई बसत." चाकं कुठली, गाडी कुठली, काहीही न बघता. बरं, आवाजात राग नाही, कंटाळा नाही. दुसरा दुकानदार ज्या सुरात "या, बसा" म्हणतो त्याच सुरात हे "न्हाई बसत" म्हणायचे. नवखा माणूस तिथंच गार पडायचा. जुनी गिऱ्हाइकं मात्र हसून बाकड्यावर बसायची, कारण खरं मोजमाप आता कुठं सुरू होणार हे त्यांना ठाऊक असायचं. मी एकदा न राहवून विचारलं की अहो, न बघताच नाही कसं म्हणता? तर म्हणाले, "सर, आधी न्हाई म्हटलं की माणूस ऐकायला तयार होतो. हो म्हटलं की लगेच पाना शोधतो."

त्यांचं पत्र्याचं दुकान घनसावंगीहून कुंभार पिंपळगावला जाणाऱ्या रस्त्यावर होतं. मी राहायला घनसावंगीला आणि शाळा पिंपळगावला, त्यामुळं जाता-येता रोज दुकान दिसायचं. साखर कारखान्याच्या गॅरेजात तीस-बत्तीस वर्षं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची चाकं काढण्यात आणि घालण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर इथं बसले. खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. वस्ताद म्हणजे हातातल्या कामातला गुरू, तेवढं पुरे होतं. पण आमच्या भागात गॅरेजगणिक एक वस्ताद, म्हणून हे पुठ्ठेवाले वस्ताद.

पुठ्ठ्यांचं असं होतं. समोरच्या कापड दुकानातून ते साडीची रिकामी खोकी आणायचे. एखाद्या गाडीचं चाक पहिल्यांदा काढलं की पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडून तो गाडीच्या उघड्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तबकडीवर, दाबायचे. हबमधून बाहेर आलेल्या बोल्टांना आधीच ग्रीसचं बोट लावलेलं असायचं, त्यामुळं पुठ्ठ्यावर चार किंवा पाच गोल ठसे उठायचे. मग त्यावर बॉलपेनानं गाडीचं नाव, साल, मधल्या भोकाचं माप. असे दीडेकशे पुठ्ठे तारेत ओवून भिंतीला लटकवलेले. कुणी दुसऱ्या गाडीची अलॉय चाकं आणली की त्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा पुठ्ठा काढायचा, चाक उलटं करून त्यावर ठेवायचा आणि प्रत्येक ठसा भोकाच्या बरोबर मध्यात येतो का ते डोळा बारीक करून बघायचं. हल्ली फोनवर सगळी मापं सापडतात, हे मी त्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, फोनमध्ये कंपनीची गाडी असती, माझ्याकडं तुमची येती.

अलॉय चाकांचं वेड आमच्याकडं मधल्या काही वर्षांत फार आलं. सोयाबीनला बरा भाव मिळाला की जुनी गाडी घ्यायची आणि गाडी आली की पहिलं काम तिची काळी लोखंडी चाकं काढून चकचकीत अलॉय घालायची. ती बहुधा भंगारातली, नाहीतर मेव्हण्या-पाहुण्याच्या गाडीची. अंबडकडचा एकजण अशीच चार चाकं घेऊन आला. बसणारच म्हणे, मी भोकं मोजलीत, त्याला पण चार, याला पण चार. वस्तादांनी त्याला स्वतःचं स्टूल दिलं, बसवलं आणि पट्टी हातात दिली. म्हणाले, "भोकं मोजू नका, भोकांतलं अंतर मोजा." समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर त्या माणसाला तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा उत्तर गाडीच्या मापापेक्षा चौदा मिलीमीटर जास्त आलं. शेवटी तो स्वतःच म्हणाला, न्हाई बसत. वस्तादांना याचा केवढा आनंद झाला. त्या माणसाला चहा पाजून, चाकं गाडीत चढवायला मदत करून पाठवलं.

अंतर जमलं म्हणजे झालं असंही नव्हे. मग मधलं भोक हबवर घट्ट बसतं का, चाकाचा फुगवटा ब्रेकला घासतो का, चाक गाडीच्या आत किती जातं आणि बाहेर किती येतं, हे सगळं ओळीनं. आणि नट. नट पहिले चार-पाच वेढे नुसत्या बोटांनी गेला पाहिजे हा त्यांचा कायदा. हवेची बंदूक त्यांनी दुकानात येऊ दिली नाही. "पान्याला नुसता जोर कळतो," म्हणायचे, "बोटाला नट वाकडा चाललाय ते कळतं." घाईचं गिऱ्हाईक पाय आपटत उभं असायचं आणि हे दळण दळायला बसल्यासारखे एकेक नट फिरवत बसायचे.

आणखी एक तऱ्हा होती. चाकं बसली की गाडी तशी सोडायची नाही. शेजारच्या चहाच्या टपरीवर बसलेल्यांतली चार वजनदार माणसं बोलवायची आणि गाडीत कोंबायची. मग गाडी ग्रामपंचायतीपुढच्या स्पीड ब्रेकरवरून न्यायची आणि वस्ताद रस्त्याकडेला कान देऊन उभे, टायर वरच्या पत्र्याला घासतो का ऐकायला. त्या टपरीवर पोट सुटलेल्या माणसांना भारी भाव होता. भुसार मालाचे एक व्यापारी तर अभिमानानं सांगायचे की तालुक्यातली निम्मी अलॉय चाकं माझ्या वजनानं पास झालीत.

पण वस्तादांचा स्वतःचा अभिमान वेगळा होता. कुणाचंही चाक त्यांनी कधी उघड्या फरशीवर ठेवलं नाही, खाली धुतलेलं पोतं असायचंच. टायर चढवताना लोखंडी पट्टीला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळायचे. आख्ख्या आयुष्यात माझ्या हातून कुणाच्या चाकाला ओरखडा न्हाई, हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर किती वेळा उच्चारलं असेल याला गणती नाही. तेवढ्यापुरते ते बढाईखोर होते म्हणा ना. बाकी कशाचीच बढाई नव्हती.

आता माझी गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला माझी लाज वाटणार आहे हेही आधीच सांगून ठेवतो.

माझी बायको रेखा आणि तिची थोरली बहीण, जिला आम्ही ताई म्हणतो, या दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण आहेर. माझ्या बहिणीच्या लग्नात ताईनं माझ्या आईला चांगली भारी साडी आहेर केली होती. लग्नघरात आहेराच्या साड्यांचा ढीग पडतो, आणि एकाची आलेली दुसऱ्याला द्यायची ही आपल्याकडची जुनी खोड. घाईत माझ्या आईनं तीच साडी माझ्या चुलत आत्याला दिली. आत्यानंही कमाल केली, ती साडी तिथंच नेसून पंगतीला बसली, आणि वाढायला नेमकी ताई. ताईनं बुंदीचं ताट तिच्यापुढं ठेवलं, पदर बघितला आणि न जेवता मांडवातून निघून गेली. त्यानंतर चार वर्षं ना फोन, ना राखी-दिवाळीला माहेरी एकत्र येणं. रेखा माहेरी जायची ती ताई येऊन गेल्यावर. रात्री जेवताना कधीकधी मध्येच घास धरून बसायची. मी विचारायचो नाही, कारण उत्तर ठाऊक होतं.

सासूबाई आजारी पडल्या तेव्हा दवाखान्यात दोघी समोरासमोर आल्या आणि जेमतेम बोलू लागल्या. आणि पहिलं पाऊल ताईनंच टाकलं. त्यांनी नवी गाडी घेतली होती, जुनी मोडीत काढली, पण तिची अलॉय चाकं ठेवून घेतली. माझे साडू जालन्यात बियाण्यांच्या धंद्यात, जिल्हाभर फिरणारे आणि जिल्हाभर बोलणारे. त्यांचा फोन आला: "साडूभाऊ, चाकं पाठवून राह्यलो. दसऱ्याला आम्ही जेवायला येणार. गाडीला आमची चाकं दिसली पाहिजेत." रेखाच्या डोळ्यात पाणी आलं. चार वर्षांनी ताई आमच्या घरी जेवणार होती.

चाकं घेऊन मी वस्तादांकडं गेलो. "न्हाई बसत," ते म्हणाले. मी हसून बाकड्यावर बसलो. त्यांनी माझ्या गाडीचा पुठ्ठा काढला, चाक पोत्यावर उलटं ठेवलं, पुठ्ठा ठेवला. बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. मग पट्टीनं मोजलं आणि दुसऱ्यांदा म्हणाले, "न्हाई बसत, सर." या खेपेला सूर वेगळा होता.

माझ्या गाडीचं अंतर शंभर मिलीमीटर आणि या चाकांचं अठ्ठ्याण्णव. दोन मिलीमीटर! मी म्हटलं, वस्ताद, दोन मिलीमीटर म्हणजे काय हो? ते म्हणाले, तीच तर भीती. चौदाचा फरक असता तर चाक चढलंच नसतं, कुणाचं नुकसान न्हाई. हे चढतं. पान्यानं आवळलं की बसल्यासारखं दिसतं. "मंग आधी स्टेअरिंग थरथरतं. मंग नट ढिले व्हायला लागतात. अन् मंग एक दिवस तुमचं चाक तुमच्या गाडीच्या पुढं पळतं." नवी भोकं पाडता येतील का, विचारलं. दोन मिलीमीटरवर दुसरं भोक पाडलं तर जुनं अन् नवं मिळून एकच लांबट भोक होईल, म्हणाले. वायसर, पट्टी, काहीतरी जुगाड? ते पुठ्ठा तारेत ओवायला लागले.

घरी येऊन रेखाला सांगितलं. तिनं ताईला फोन लावला, फार जपून, फार गोड आवाजात सांगितलं की ताई, चाकं फार सुंदर आहेत, पण माप थोडं कमी पडतंय. पलीकडून ताई म्हणाली, "असू दे. आमचं दिलेलं तुमच्या घरात कशाला बसंल." आणि फोन ठेवला. झालं. चार वर्षांपूर्वीची साडी परत मध्ये आली. लोखंडाच्या मापाचं काय ते समजून सांगता येतं हो, पण मानाचं माप कुणाला सांगणार?

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दोघं आली खरी, पण ताई उंबऱ्याच्या आत येईना. साडूंनी माझ्या गाडीकडं बघितलं. झेंडूचा हार बॉनेटला आणि चाकं तीच काळी, त्यातल्या एकाची प्लॅस्टिकची टोपीही गेलेली. ते म्हणाले, कोण म्हणतं बसत न्हाईत? चला त्या माणसाकडं. मी दोन मिलीमीटरचं सांगितलं तर हसले. इथं बसवत नसतील तर आत्ताच्या आत्ता जालन्याला नेऊन बसवतो, म्हणाले, तिथं दहा मिनिटांत बसवून देतात. चाकं डिकीत घातली, आणि माझ्या गाडीत आम्ही चौघं निघालो. मागं दोघी बहिणी एक अक्षर न बोलता बसलेल्या.

दसरा असूनही वस्ताद दुकानात होते. पान्यांची, जॅकची पूजा मांडून बसले होते. साडूंनी उतरल्या उतरल्या तोंड सोडलं. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा साडूंकडं. मग ते गाडीजवळ गेले. काच खाली होती. मागच्या सीटवर ताई समोर बघत ताठ बसली होती, आणि रेखानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. ताईनं तो काढून घेतला नव्हता, पण वळूनही बघितलं नव्हतं. वस्ताद तिथं जरा वेळ उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "चाकं ठेवून जा. जेवून तीन वाजता या."

मला खरं म्हणजे धक्का बसला. साडूंनी माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघितलं. वस्तादांनी माझ्या गाडीला त्यांच्याकडचीच जुनी चार लोखंडी चाकं तात्पुरती घातली, आणि माझे टायर अलॉयवर चढवण्यासाठी ठेवून घेतले. जेवण कसंबसं झालं. ताईनं पुरणपोळीचा एक तुकडा मोडला, तेवढाच.

तीनला चौघंही गेलो तर अलॉयचं एक चाक पोत्यावर आडवं पडलेलं, आणि त्याच्या कडेला तळहाताएवढी चीर. वस्ताद समोर उभे. "टायर चढवताना माझा हात चुकला," ते म्हणाले. "चाक तडकलं. आता हे कुणाच्याच गाडीला चालायचं न्हाई, अन् तीन चाकांचा काय उपयोग. चूक माझी."

साडू जे पेटले म्हणता! आणि मी? मी त्यांच्यापेक्षा दोन पावलं पुढं. आठवडाभर जे साचलं होतं ते सगळं त्या म्हाताऱ्यावर ओतलं. एवढ्या बढाया मारता, ओरखडा नाही म्हणता, आणि नेमकी आमचीच चाकं सापडली का? "वय झालंय तुमचं वस्ताद, हात चालत नाही. बंद करा हे दुकान." हे मी बोललो, शाळेत पोरांना नीट बोलायला शिकवणारा माणूस. साडू मला दुजोरा देत होते, मी साडूंना. चार वर्षांत आमचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं. वस्ताद मान खाली घालून ऐकत होते.

तेवढ्यात ताई गाडीतून उतरली. चीर बघितली, मग मला म्हणाली, "जाऊ द्या दाजी, तुमचा काय दोष त्याच्यात? तुम्ही तर बसवायलाच आणली होती." आणि रेखाकडं वळून, "चल गं, मला भूक लागली. मघाशी नीट जेवलेच न्हाई मी." घरी येऊन दोघी स्वयंपाकघरात बसल्या त्या अंधार पडेपर्यंत. हसण्याचा आवाज बाहेर येत होता. साडू आणि मी ओट्यावर बसून वस्तादांना शिव्या घालत होतो. माझा जीव भांड्यात पडला होता आणि त्याचं कारण मला कळलेलंही नव्हतं.

ते कळलं तिसऱ्या दिवशी, टपरीवरच्या मावशीकडून. चहा देता देता त्या म्हणाल्या, सर, तुम्ही वस्तादांना लई बोललात, पण त्यांचा हात चुकला बिकला न्हाई. टायरला तर त्यांनी हातच लावला न्हवता. अर्धा तास चाकापुढं नुसते बसून होते. मंग मागून घण आणला अन् चाकाच्या कडेवर तीन घाव घातले. तिसऱ्याला तडकलं. मंग घण टाकून दिला अन् हात धुऊन बसले.

चहा तसाच टाकून मी दुकानात गेलो. वस्ताद पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत होते. मी विचारलं तर आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, मी न्हाई म्हटलं असतं तर तुमचे साडू जालन्याला गेले असते अन् कुणीतरी आवळून दिली असती. "अन् तुम्ही न्हाई म्हटलं असतं तर त्या दोघी परत तुटल्या असत्या. बाईंनी बहिणीचा हात कसा धरला होता, बघितला न्हाई का तुम्ही? मंग मी काय मोजत बसायचं?" मी माफी मागायला तोंड उघडलं, तर उठले आणि माझ्या गाडीच्या टायरातली हवा तपासायला लागले. जाताना एवढंच म्हणाले की साडूंना कळू देऊ नका. आपल्या हट्टापायी म्हाताऱ्याला घण उचलावा लागला असं त्यांच्या मनाला लागेल, आणि मग ते तुमच्याकडं यायला बिचकतील.

मी कुणाला सांगितलं नाही. रेखालाही नाही. पण साडूंनी गप्प बसावं असं त्यांना कोण सांगणार? त्यांच्या तोंडून ही गोष्ट दिवाळी यायच्या आत अंबड, परतूर, कुठंकुठं पोचली. पुठ्ठेवाल्यांनी चाक फोडलं. टपरीवर लोक थट्टा करू लागले, वस्ताद, आज किती फोडली? भुसारवाले व्यापारीसुद्धा हसले. ज्या माणसाची एकच बढाई होती ती त्याच्यादेखत अशी गेली, आणि तो चाकाखाली पोतं अंथरत राहिला. मावशींनी एकदोनदा तोंड उघडलं, तर वस्तादांनी त्यांनाही गप्प केलं. मी रोज त्या रस्त्यानं जात होतो. उभं राहून चार लोकांत खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. त्यांनी सांगितलं म्हणून गप्प बसलो असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण असं की घरात सुख आलं होतं आणि मला ते हलवायचं नव्हतं.

दिवाळीनंतर एक झालं. साडूंनी ती गोष्ट सांगणं एकदम बंद केलं. मला वाटलं, विसरले. मग त्यांच्या ओळखीचे जालन्याचे लोक इतक्या लांब वस्तादांकडं चाकं दाखवायला येऊ लागले. मला नवल वाटलं, पण विचारलं नाही. हळूहळू थट्टा विरली. ताई आणि रेखा महिन्यातून दोनदा एकमेकींकडं, भांडायच्या तर आता मोकळेपणानं भांडायच्या. अशी तीन वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात वस्ताद गेले. सकाळी दुकान उघडायला निघाले आणि दारातच बसले, ते उठलेच नाहीत. चार दिवसांनी मी आणि रेखा त्यांच्या घरी भेटायला गेलो तर दारात साडूंची गाडी. ताई आत बायकांत बसलेली, साडू बाहेर लिंबाखाली उभे. मला बघून चपापले. या भागात काम होतं, म्हणाले. मग त्यांनीच माझा दंड धरून मला बाजूला नेलं. "साडूभाऊ, इतके दिवस सांगितलं न्हाई. ते चाक वस्तादांच्या चुकीनं फुटलं न्हवतं."

मी म्हटलं, मला माहीत आहे. तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे.

मग साडूंनी सांगितलं. त्या दिवाळीत ते उरलेली तीन चाकं विकायला जालन्यात एका दुकानात गेले होते. सहज माझ्या गाडीचं नाव निघालं, आणि दुकानदारानं मोजून सांगितलं की ही तुमच्या साडूच्या गाडीला बसवली असती तर घर बसलं असतं. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की ज्या माणसानं दोन मिलीमीटर पकडले तो टायर चढवायला घेईलच कशाला. दुसऱ्या दिवशी ते वस्तादांकडं आले. वस्तादांनी चहा पाजला आणि सांगितलं की सरांना बोलू नका. ते मला लई बोललेत, कळलं तर तोंड दाखवायचे न्हाईत, इथून जायचा रस्ता बदलतील.

म्हणजे आम्हा दोघांनाही त्यांनी एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवायला लावली होती. साडूंनी विचारलं, तुम्ही माफी मागितली होती का? मी म्हटलं, मागायला गेलो, तर टायरची हवा बघायला लागले. "माझ्या गाडीची पण बघितली," ते म्हणाले. आम्ही पन्नाशीतली दोन माणसं दुसऱ्याच्या अंगणात उभी राहून रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग आम्ही आत गेलो आणि वस्तादांच्या बायकोपुढं, काकूंपुढं बसलो. त्या दसऱ्याला काय झालं ते पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी काय बोललो तेही सांगितलं, ताई आणि रेखा ऐकत असताना. 

"मला तर घरी येऊन म्हणाले होते, हात चुकला," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, वय झालं, हातात दम राह्यला न्हाई. तवापासून रोज मागं लागले होते मी, आता बंद करा दुकान म्हणून. लई टोचून बोलले मी." मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "मंजी हात चुकला न्हवता?"

"नाही काकू," मी म्हटलं. "बिलकुल चुकला नव्हता."